‘पुनरुज्जीवन’: एका शब्दाची अर्थमर्यादा

मराठीच्या आजच्या लेखी व्यवहारात ‘पुनरुज्जीवन’ हा शब्द फार सढळ हाताने वापरला जातो, आणि नदी, बंद गिरणी, डबघाईला आलेली पतसंस्था, जुने नाटक, ओस पडलेले वाचनालय, ढासळलेला गड किंवा एखाद्या पक्षाची तालुका शाखा अशा एकमेकींशी काडीचाही संबंध नसलेल्या गोष्टींचे पुनरुज्जीवन एकाच दिवसाच्या वृत्तपत्रात होऊ शकते. शब्दाची घडण सरळ आहे. ‘पुनर्’ म्हणजे पुन्हा, ‘उत्’ म्हणजे वर, आणि त्यापुढे ‘जीवन’. ‘उत्’मधला त् पुढच्या ज्-मुळे ज् होतो आणि ‘उज्जीवन’ म्हणजे जीव धरून वर उठणे हे रूप सिद्ध होते. म्हणूनच त्यात दोन ज आहेत आणि एक ज गाळून केलेले लेखन अशुद्ध ठरते, तर ‘पुनर्जीवन’ हा ‘उत्’ नसलेला, थोड्या निराळ्या छटेचा शब्द आहे.

या शब्दाच्या वापराला काही मर्यादा असावी की नसावी, हा प्रश्न वरकरणी शुद्धलेखनाच्या दालनातला वाटला, तरी त्याचे धागे सार्वजनिक पैसा, इतिहास आणि समाजसुधारणा यांच्यापर्यंत पोचतात. येथे त्याची चर्चा दोन भूमिकांच्या संवादातून केली आहे. कोशकार हा शब्दांचे अर्थ नेमके राहावेत अशा आग्रहाचा, तर अभियंता जलसंधारणाच्या कामात हयात घालवलेला आणि शब्दांपेक्षा कामाला महत्त्व देणारा. दोघेही काल्पनिक असले तरी त्यांच्या भूमिका काल्पनिक नाहीत.

कोशकार: ‘पुनरुज्जीवन’ हा वर्णन करणारा शब्द नसून दावा करणारा शब्द आहे, हे आधी मान्य व्हावे. ‘दुरुस्ती’ म्हटले की काहीतरी मोडले होते आणि ते जोडले एवढेच सांगितले जाते. ‘पुनरुज्जीवन’ म्हटले की अमुक गोष्ट एकेकाळी जिवंत होती, मग तिचा जीव गेला किंवा जाण्याच्या बेतात होता, आणि आता तीच गोष्ट आपल्या बळावर जगते आहे, असे एका दमात सांगितले जाते. यातला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण जगणे म्हणजे दुसऱ्याने हात काढून घेतल्यावरही चालू राहणे. आज ज्या कामांना हे नाव दिले जाते त्यांतल्या किती कामांना ही कसोटी लावली जाते?

अभियंता: शब्द वाढतात, पसरतात, आणि त्यांच्या पसरण्याला कोशकारांची परवानगी लागत नाही. शिवाय नदीच्या बाबतीत तर हा शब्द लक्षणेनेही वापरलेला नाही, तो सरळ वाच्यार्थाने वापरलेला आहे. अमरकोशात पाण्याची जी नावे दिली आहेत त्यांत ‘जीवन’ हे एक नाव आहे, आणि राज्यभर नळपाणी योजना करणाऱ्या सरकारी यंत्रणेचे नाव ‘महाराष्ट्र जीवन प्राधिकरण’ असे आहे, ते काही तत्त्वज्ञान शिकवणारे प्राधिकरण नव्हे. तेव्हा नदीत पुन्हा पाणी आणणे याला पुनरुज्जीवन म्हणणे यात व्युत्पत्तीचाही भंग नाही.

कोशकार: हा दाखला बिनतोड आहे आणि त्याचे स्वागतच आहे, कारण त्यामुळे कसोटी सोपी होते: नदीत पाणी आले का, ते पाहावे. परंतु ज्यांच्या शेताला ती नदी लागून आहे, ते लोक काय म्हणतात तेही ऐकावे. ‘ओढा वाहता झाला’, ‘झरा जिवंत आहे’, ‘विहिरीला पाझर फुटले’, ‘रोपाने जीव धरला’ ही मराठी माणसाची रोजची भाषा आहे, आणि या सगळ्या वाक्यांचा कर्ता ओढा, झरा, पाझर किंवा रोप आहे. सरकारी वाक्यात मात्र नदीचे पुनरुज्जीवन ‘केले’ जाते किंवा ‘करण्यात येते’, म्हणजे कर्तेपण नदीकडून काढून खात्याकडे, ठेकेदाराकडे किंवा उद्घाटकाकडे दिले जाते. जीव धरणे हे ज्याचे त्याने करायचे काम आहे; दुसऱ्याला फार तर त्याच्या आड येणारी धोंड दूर करता येते.

अभियंता: हे व्याकरण ऐकायला गोड आहे, पण आपोआप कोणतीही मेलेली नदी उठत नाही. राजस्थानातल्या अलवर जिल्ह्यातली अरवरी ही नदी वर्षातला बराच काळ कोरडी असे. तिथे 1985 पासून तरुण भारत संघाने आणि राजेंद्रसिंह यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन जोहड बांधायला सुरुवात केली. जोहड म्हणजे उतारावरचे पावसाचे पाणी अडवणारा, साधारण चंद्रकोरीच्या आकाराचा मातीचा बांध. अशा बांधांची संख्या वाढत गेली आणि 1995च्या सुमारास अरवरी बारमाही वाहू लागली. हे माणसांनी केलेले काम आहे, त्यासाठी खांद्यावर माती वाहिली गेली आहे, आणि याला पुनरुज्जीवन ‘केले’ म्हणायला कोणाची हरकत असू नये.

कोशकार: हरकत नाहीच, उलट हे उदाहरण कोशात द्यावे असे आहे. फक्त त्यात एक बारकावा आहे. अरवरीच्या पात्रात कोणी फारसे काम केलेच नाही. काम झाले ते वरच्या उतारांवर, गावागावांच्या शिवारात. पाणी मुरले ते जमिनीत. आणि नदी वाहू लागली ती त्या मुरलेल्या पाण्याच्या पाझराने. पुढची हकीकत तर अधिक बोलकी आहे. नदीत मासे दिसू लागल्यावर सरकारने मासेमारीचा ठेका बाहेरच्या माणसाला दिला, गावकऱ्यांनी त्याला विरोध केला, ठेका रद्द झाला, आणि नदीच्या खोऱ्यातल्या सुमारे 70 गावांची ‘अरवरी संसद’ उभी राहिली. कोरड्या पात्रावर कोणी हक्क सांगत नाही; हक्कासाठी भांडण होऊ लागले याचा अर्थ भांडण्याजोगे काहीतरी तिथे पुन्हा निर्माण झाले होते. नदी जिवंत झाल्याचा यापेक्षा चांगला दाखला कोणत्याही मोजणीपट्टीने दिला नसता.

अभियंता: मग वाद कुठे उरला?

कोशकार: महाराष्ट्रात उरला. डिसेंबर 2014 मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झाल्यानंतर आणि 2016च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागल्यानंतर नदी-नाल्यांच्या खोलीकरणाची आणि रुंदीकरणाची जी लाट आली, तिलाही हाच शब्द लावला गेला. पोकलेन यंत्राने पात्र सरळ करायचे, काठाची झाडे आणि वाळू काढायची, आणि दोन्ही बाजूंना मातीचे ढीग लावायचे, या कामाला ‘खोलीकरण’ हा स्वच्छ, कामापुरता शब्द उपलब्ध असताना फलकावर मात्र ‘नदी पुनरुज्जीवन’ लिहिले गेले. दख्खनच्या पठारावर ओढ्याच्या तळाशी गाळ आणि वाळू, त्याखाली मुरूम आणि भेगाळलेला खडक, आणि त्याखाली घट्ट कातळ अशी साधारण रचना असते, आणि पाणी साठते ते या मधल्या थरात, हे अभियंत्याला सांगण्याची गरज नाही.

अभियंता: गरज नाही, आणि तेवढ्यापुरता आक्षेप खराही आहे. गाळ काढणे आणि मुरूम उकरणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. साचलेला गाळ काढला तर पाणी मुरण्याची वाट मोकळी होते. यंत्र थांबवायचे कुठे हे न कळल्यामुळे मुरमाचा थरच कापला गेला, तर काठच्या विहिरींत थांबणारे पाणी त्या चरात उतरते, चर काही महिने तुडुंब दिसतो, त्याची छायाचित्रे निघतात आणि फेब्रुवारीत विहिरी तळ गाठतात. असे झालेले पाहण्यात आहे. परंतु हा दोष घनमीटरवर बिल काढण्याच्या पद्धतीचा आहे. जितके जास्त उकराल तितके जास्त पैसे, असे असल्यावर यंत्र थांबणार कसे? शब्दाने यात काय गुन्हा केला?

कोशकार: शब्दाने गुन्हा झाकला. निविदेत ‘खोलीकरण, इतके घनमीटर’ एवढेच लिहिले असते, तर गावातला कोणीही विचारू शकला असता की, खोल करून काय मिळणार? ‘पुनरुज्जीवन’ लिहिल्यावर तो प्रश्न विचारणारा माणूस नदीच्या जिवावर उठलेला ठरतो. जे शब्द विरोध करणेच अशक्य करून ठेवतात, त्यांच्याकडे भाषेच्या अभ्यासकाने संशयाने पाहावे, एवढेच म्हणणे आहे.

या टप्प्यावर अभियंत्याची बाजू थोडी मागे सरली असली, तरी कोशकाराच्या भूमिकेतही एक उणीव आहे, ती अशी की, जिवंतपणाची कसोटी त्याने नदीवरून घेतली आणि ती सर्वत्र लावू पाहिली. देऊळ, भाषा, नाटक आणि समाजाची रीत या गोष्टी नदीसारख्या पावसावर जगत नाहीत. त्यांना माणसांचा हात सतत लागतोच. अभियंत्याने पुढचा मुद्दा नेमका येथून उचलला आहे.

अभियंता: ‘तीच गोष्ट पुन्हा जिवंत झाली पाहिजे’ हा आग्रह आपल्या परंपरेने कधी धरला होता काय? अहिल्याबाई होळकरांनी 1780च्या सुमारास काशी विश्वेश्वराचे मंदिर बांधले ते संपूर्ण नवे होते. सोमनाथलाही त्यांनी पडक्या मंदिरापासून थोडे बाजूला निराळे मंदिर उभारले. तरीही मराठी माणूस या कामांना ‘जीर्णोद्धार’च म्हणत आला, आणि त्यात त्याला काही खोटे वाटले नाही. मूळ चिरा न् चिरा तोच असावा ही जुन्या वास्तूंच्या आधुनिक जतनशास्त्राची अट आहे, भक्ताची नव्हे.

कोशकार: ‘जीर्णोद्धार’ हा शब्द मुळात फार प्रामाणिक आहे. त्यात ‘जीर्ण’ आधी येते, म्हणजे झीज झाली आहे, पडझड झाली आहे, हे कबूल करूनच उद्धाराची गोष्ट निघते. शिवाय त्यामागे एक विधी आहे. आगमग्रंथांत, म्हणजे मंदिर आणि मूर्ती यांच्या रचनेचे व पूजेचे नियम सांगणाऱ्या ग्रंथांत, जीर्णोद्धाराच्या आधी मूर्तीतली देवतेची शक्ती मंत्रपूर्वक कलशात आणण्यास सांगितले आहे. काम चालू असेपर्यंत तिची स्थापना तात्पुरत्या जागी, ज्याला ‘बालालय’ म्हणतात तिथे होते, आणि काम पुरे झाल्यावर पुन्हा प्राणप्रतिष्ठा केली जाते. म्हणजे मधल्या काळात ही वास्तू रिकामी आहे, हे शास्त्रच मान्य करते. ‘पुनरुज्जीवन’ या आधुनिक शब्दाजवळ असा कोणताही मधला, रिकामा, कबुलीचा काळ नाही. आणि चिऱ्यांचेच म्हणाल तर पंढरपूरला 2024 साली विठ्ठल मंदिरात जे संवर्धनाचे काम झाले, त्यात नंतरच्या काळात बसवलेल्या फरश्या आणि चढवलेले रंगाचे थर काढून मूळ काळा दगड मोकळा करण्यात आला. त्या फरश्याही कोणीतरी भक्तिभावाने, देवळाला नवी झळाळी यावी म्हणूनच बसवल्या असतील. एका पिढीने घातलेली भर दुसऱ्या पिढीला काढावी लागली, आणि देऊळ खुलले ते काढल्यामुळे.

अभियंता: हे मान्य केले, तर मग ‘संजीवनी’ हा शब्द वापरावा काय? तो तरी जुना आहे आणि लोकांच्या तोंडी आहे.

कोशकार: वृत्तपत्रांनी त्यालाही ‘नव’ जोडून ‘नवसंजीवनी’ केला आहे, जणू जुनी संजीवनी मुदत संपलेले औषध होती. महाभारतातल्या संजीवनीविद्येची गोष्ट मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. 1913 साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी ‘विद्याहरण’ नाटकासाठी तीच निवडली. दानव शुक्राचार्यांचा शिष्य कच याला मारून त्याचे तुकडे लांडग्यांना घालतात, शुक्राचार्य त्याला उठवतात. पुन्हा मारतात, पुन्हा तो उठतो. तिसऱ्या वेळी त्याची राख मद्यात मिसळून खुद्द शुक्राचार्यांनाच पाजली जाते, आणि आता कचाला उठवायचे तर शुक्राचार्यांचे पोट फाडूनच त्याला बाहेर यावे लागणार असते. तेव्हा ते पोटातल्या कचाला ती विद्या देतात, कच बाहेर येतो, गुरू मरतो, आणि शिष्य गुरूला उठवतो. म्हणजे जीव परत आणण्याची किंमत आणणाऱ्याला चुकवावी लागते, हे त्या कथेला ठाऊक आहे. ‘नवसंजीवनी योजना’ या शब्दप्रयोगाला ते ठाऊक नाही.

याच शब्दाची आणखी एक वाट मराठीतच आहे, तिचा उल्लेख जाता जाता करावा लागेल. ज्ञानेश्वरांनी 1296 साली आळंदीला घेतलेल्या समाधीला ‘संजीवन समाधी’ म्हणतात, आणि तिथे ‘संजीवन’ म्हणजे पुन्हा जिवंत करणारे असा अर्थ नसून जिवंतपणी घेतलेली, जीव असतानाची, असा आहे. एकाच शब्दाने एकीकडे मेलेल्याला उठवावे आणि दुसरीकडे जिवंत असताना निरोप घ्यावा, आणि कोणाही वारकऱ्याचा त्यात गोंधळ होऊ नये, यावरून अभियंत्याच्या म्हणण्याला, शब्दाला संदर्भ सांभाळून घेतो या म्हणण्याला, थोडे बळ मिळते.

अभियंता: समाजाच्या बाबतीत मात्र हा प्रश्न आपल्या आधीच्या लोकांनी सोडवून ठेवला आहे. 1897च्या डिसेंबरात अमरावतीला काँग्रेसच्या अधिवेशनाबरोबर सामाजिक परिषद भरली, आणि तिथे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी नेमक्या याच विषयावर भाषण केले. सुधारणा नको, जुन्याचे पुनरुज्जीवन हवे, असे म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारले की, जुन्यातले नेमके काय उठवायचे? आठ प्रकारचे विवाह उठवायचे काय, ज्यांत कन्या पळवून नेण्याचाही समावेश होता? बारा प्रकारचे पुत्र उठवायचे काय? नियोगाची चाल, म्हणजे पती नसताना वा असमर्थ असताना दुसऱ्या पुरुषापासून संततीची व्यवस्था, ती उठवायची काय? यज्ञातली पशुहत्या उठवायची काय? समाज हा जिवंत देह आहे, त्यात बदल सारखे चालू असतात, आणि मेलेले, पुरलेले, जाळलेले ते परत येत नाही. त्याच्यातले द्रव्य घेऊन नवी घडण करता येते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. रानड्यांना शब्दकोश लिहायचा नव्हता, तरी या शब्दाची सर्वांत कठोर परीक्षा त्यांनीच घेतली.

कोशकार: आणि त्या परीक्षेतून निघालेला निष्कर्ष या बाजूचा आहे, त्या बाजूचा नव्हे. रानड्यांनी शब्द सैल केला नाही. तो वापरणाऱ्याला कर्म सांगायला लावले. ‘पुनरुज्जीवन’ या नावापुढे ‘कशाचे?’ हा प्रश्न आला की, त्यातला निम्मा वारा निघून जातो. परंपरेचे पुनरुज्जीवन, संस्कृतीचे पुनरुज्जीवन, हे प्रयोग आजही होतात. त्यांना अमरावतीचा हा प्रश्न विचारून पाहावा.

हिब्रू भाषेचे उदाहरण दोन्ही पक्षांना आपापले वाटते, म्हणून त्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. एलिएझर बेन-येहुदा 1881 साली पॅलेस्टाइनमध्ये गेला, पुढच्या वर्षी जन्मलेल्या मुलाशी हिब्रूखेरीज दुसऱ्या भाषेत बोलायचे नाही असा त्याने नेम केला, आणि 1922 साली ब्रिटिश अमलात ती तिथली एक अधिकृत भाषा झाली. अभियंता म्हणेल की, मेलेली भाषा उठली. कोशकार म्हणेल की, प्रार्थना, धर्मग्रंथ, पत्रव्यवहार आणि एकोणिसाव्या शतकातली कथा-कादंबरी यांत हिब्रू जिवंतच होती, फक्त ती कोणाच्या घरात आईच्या तोंडी नव्हती. शिवाय उठली ती तीच नव्हे, कारण तिच्यात यिडिशचे, म्हणजे युरोपातल्या ज्यूंच्या बोलीचे, वळण आणि शेकडो नवे शब्द आले. या कथेला एक मराठी शेपूटही आहे. अलिबागच्या परिसरातले, तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जाणारे बेने इस्राएल ज्यू 1948 नंतर मोठ्या संख्येने इस्राएलला गेले, उठलेली हिब्रू शिकले, आणि आता त्यांच्या नातवंडांत मराठी टिकवण्यासाठी तिथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघत आले आहे. एका भाषेने जीव धरला त्या घरात दुसरीचा जीव कमी झाला.

नाटकवाल्यांनी मात्र हा प्रश्न थट्टेवारी नेऊन सोडवला आहे. मराठी रंगभूमीवर ‘पुनरुज्जीवित नाटक’ हा एक रीतसर प्रकार मानला जातो, आणि सुनील बर्वे यांनी जुनी नाटके मोजक्या 25 प्रयोगांसाठी पुन्हा रंगमंचावर आणण्याचा जो उपक्रम केला, त्याला त्यांनी नाव दिले ‘हर्बेरियम’, म्हणजे वाळवून जपलेल्या वनस्पतींचा संग्रह. प्रयोग ठरलेल्या आकड्यावर थांबणार हे आधीच सांगितलेले होते, त्यामुळे कोणाची फसवणूक झाली नाही.

अभियंता: मग फसवणूक कुठे झाली ते तरी सांगावे.

कोशकार: गिरणगावात झाली. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि संपानंतर एकेक गिरणी ‘आजारी’ ठरत गेली. ‘आजारी उद्योग’ हा तेव्हा कायद्याचा शब्द होता. 1985 साली त्यासाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा झाला आणि अशा उद्योगांची प्रकृती तपासायला एक मंडळही नेमले गेले. आजाऱ्यावर उपचार करायचे असतात, पुनरुज्जीवन करायचे असते ते मेलेल्याचे, पण शब्दांची ही सरमिसळ तेव्हाच सुरू झाली. मग 1991 साली मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत 58 क्रमांकाचा नियम आला. तोवर गिरणीची जमीन गिरणीखेरीज इतर कामाला वापरता येत नव्हती; या नियमाने ती वापरण्याची मुभा दिली, साधारण एक तृतीयांश जागा महापालिकेला मोकळी ठेवण्यासाठी, एक तृतीयांश गृहनिर्माणासाठी आणि एक तृतीयांश मालकाला, अशी वाटणी घातली, आणि ही मुभा देण्याचे कारण सांगितले गेले ते गिरण्यांचे पुनरुज्जीवन, आधुनिकीकरण आणि कामगारांची देणी. 2001 साली नियम बदलला आणि वाटणी फक्त मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. जिथे शेड उभ्या होत्या ती जमीन वाटणीतून सुटली, आणि बहुतेक जमिनीवर शेडच होत्या. पर्यावरणवादी न्यायालयात गेले, पण 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम ठेवला. सुमारे 600 एकर गिरणी-जमिनीच्या या शहरात मॉल उभे राहिले, कार्यालये उभी राहिली, काचेचे मनोरे उभे राहिले. सूत काही निघाले नाही. कापडाच्या धंद्याचे पुनरुज्जीवन या नावाखाली कापडाचा धंदा संपवण्यात आला, आणि कागदावर शब्द शेवटपर्यंत तसाच राहिला. ‘पुनर्विकास’ हा खरा शब्द होता. तो वापरला असता, तर कामगाराला निदान 1991 सालीच कळले असते की, आपल्याला परत बोलावणे येणार नाही.

अभियंत्याने यावर काही काळ उत्तर दिले नसते, असे मानायला जागा आहे, कारण हे उदाहरण त्याच्या बाजूला उलटवता येत नाही. तरीही त्याच्याजवळ एक मुद्दा शिल्लक राहतो आणि तो या चर्चेतला सर्वांत मजबूत मुद्दा आहे.

अभियंता: वैद्यकात काय करतात ते पाहावे. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याची जी रीत 1960 साली रूढ झाली, तिला मराठीत ‘हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवन’ म्हणतात. मिनिटाला 100 ते 120 वेळा, प्रौढ माणसाच्या छातीवर किमान 5 सेंटिमीटर खोल दाब द्यायचा, आणि देत राहायचा. पुष्कळदा रोगी परत येत नाही. तरीही त्या क्रियेचे नाव बदलत नाही. रोगी गेला म्हणून कोणी असे म्हणत नाही की, पुनरुज्जीवन केलेच नव्हते. तेव्हा हा शब्द फळाचे नाव नसून यत्नाचे नाव आहे. नदीसाठी, गिरणीसाठी, देवळासाठी कोणी यत्न करत असेल, तर त्याला यशाची हमी दिल्याशिवाय हा शब्द वापरू नये, असे म्हणणे म्हणजे डॉक्टरला आधी हमीपत्र मागण्यासारखे आहे. आणि मोठा शब्द असल्याशिवाय लोक श्रमदानाला येत नाहीत, वर्गणी देत नाहीत, हेही कोशात कुठेतरी लिहून ठेवावे. ‘उताराची कामे, टप्पा दुसरा’ अशा नावासाठी कोणी उन्हात कुदळ मारत नाही.

कोशकार: यत्नाचे नाव, हे मान्य. या एका मुद्द्यावर आधीची व्याख्या दुरुस्त करावी लागेल आणि कोशात तसा दुसरा अर्थ द्यावा लागेल. परंतु दवाखान्यातली गोष्ट अर्धी सांगून भागणार नाही. तिथे दाब देणे कधी सुरू केले त्याची वेळ लिहिली जाते, कधी थांबवले त्याची वेळ लिहिली जाते, आणि रोगी परत आला की नाही हे लिहून खाली सही केली जाते. पुनरुज्जीवन हा शब्द तिथे खरा राहतो तो या तीन नोंदींमुळे. नदीच्या, गिरणीच्या किंवा वाचनालयाच्या कामात सुरुवातीची तारीख संगमरवरावर कोरलेली असते. थांबल्याची तारीख आणि निकाल कोणी लिहीत नाही.

अभियंता: लिहावा. पाणी किती महिने टिकले, विहिरींची पातळी मे महिन्यात किती होती, हे तीन वर्षे मोजून त्याच फलकावर लिहिण्याची अट घातली, तर निम्मे ठेकेदार ‘खोलीकरण’ हा शब्द आपणहून मागून घेतील.

येथे दोघांचे म्हणणे जवळ आले असले तरी एक झालेले नाही. नाटक, भाषा आणि देऊळ यांच्या बाबतीत कोशकाराचा कडकपणा अनावश्यक आहे, कारण तिथे पाहणाऱ्याला, बोलणाऱ्याला आणि भक्ताला आपल्यापुढे काय आहे ते कळत असते, आणि रानड्यांचा ‘कशाचे?’ हा एक प्रश्न विचारला की काम भागते. जिथे सार्वजनिक पैसा, जमीन किंवा पाणी गुंतलेले आहे, तिथे मात्र त्याचेच म्हणणे मानले पाहिजे, आणि निविदेत काम जे असेल तेच नाव लिहिले पाहिजे: गाळ काढणे, बांध घालणे, मैलापाणी शुद्ध करणे, भिंत बांधणे, पदपथ करणे. पुण्यात मुळा, मुठा आणि मुळा-मुठा यांच्या सुमारे 44 किलोमीटर काठांवर जो प्रकल्प चालू आहे, त्याला कागदोपत्री ‘नदी पुनरुज्जीवन’ म्हटले जाते आणि वृत्तपत्रे त्याला ‘नदीकाठ सुधार’ म्हणतात; त्या प्रकल्पातले मुख्य काम काठाचे आहे आणि मैलापाणी शुद्धीकरणाची योजना त्याहून वेगळी आहे. म्हणून मैलापाणी नदीत जाणे थांबेपर्यंत पुणेकरांनी वृत्तपत्रांचेच नाव वापरावे, कारण दोन्हींत तेच खरे आहे.